जखऱ्याची पाटी

२०१८ सालच्या डिसेंबरात, नाताळ आठ दिवसांवर आला असताना, आमच्या घरी एक दगडी पाटी आली. धर्मग्रामातील एक वृद्ध धर्मशिक्षक ती पिशवीतून घेऊन आले होते. बरोबर पेन्सिलींची पेटीही होती. आगमनकाळातील वाचने त्यांच्या मनात ताजी असावीत. ते म्हणाले, "बाई, जखऱ्याची वाचा गेली तेव्हा त्यानं पाटीच मागितली होती ना? मग ह्यांनाही पाटी द्या. तोंडानं नाही तर हातानं बोलतील." संत लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? मला ती सूचना इतकी पटली, की ती आपल्याला आधी कशी सुचली नाही याचीच लाज वाटली.

ह्यांना उशांच्या आधाराने बसवले. उजवा हात लुळा पडला होता म्हणून पेन्सिल डाव्या हातात दिली. म्हटले, "काय हवंय ते लिहा." ह्यांनी पाटीकडे बराच वेळ पाहिले. एक उभी रेघ ओढली, तिच्याशेजारी दुसरी, मग तिसरी. साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चौतीस वर्षे ज्यांनी उसाच्या नोंदी लिहिल्या, ज्यांचे अक्षर पाहून वरिष्ठ महत्त्वाची पत्रे ह्यांच्याकडूनच लिहून घेत, त्यांच्या हातून एक काना-मात्रा उमटेना. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पाटी हलकेच माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड केले. धर्मशिक्षक चहा न घेताच उठले.

त्या पाटीने मला जे सांगितले ते त्या दिवशी मला कळले नाही. ते कळायला आणखी तीन महिने जावे लागले.

आमचे घर भवानीनगरला. तालुका इंदापूर, पण बारामती अधिक जवळ. त्यामुळे बाजार, बँक, दवाखाना सारे तिकडेच. नोव्हेंबरातल्या एका पहाटे ह्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. डॉक्टरांनी प्राण वाचवले, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर गोळ्यांची नावे होती, हातापायांच्या व्यायामाचा उल्लेख होता. वाचेचे काय, असे विचारले तेव्हा "येईल हळूहळू" एवढेच उत्तर मिळाले. त्या दोन शब्दांच्या भरवशावर आम्ही चार महिने घालवले. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने वाचेच्या दृष्टीने किती मोलाचे असतात, हे तेव्हा कोणी सांगितले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही.

खरे तर ह्यांची वाचा 'गेली' होती, असे म्हणणेही बरोबर नव्हते. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत होता. तोंडातून एखाददुसरा शब्दही येई. फक्त हवा तो येत नसे. पाणी हवे असले की 'चावी' म्हणत, 'हो' म्हणायचे तेथे 'नाही' म्हणत आणि मला 'आक्का' म्हणत. आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. तिला जाऊन वीस वर्षे झाली. आमच्या पिढीत नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारण्याची रीत नव्हती. 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवरच आमचा सदतीस वर्षांचा संसार झाला होता. तेव्हा ह्यांना माझे नाव घेता येत नाही, याचे दुःख मी करणे हास्यास्पदच. पण ते 'अगं'ही गेले आणि मी आक्का झाले, हे मनाला लागले.

नाताळनंतर फादर भेटायला आले असताना ह्यांच्या हातातून कप निसटला आणि तोंडून एक अस्सल शिवी बाहेर पडली, इतकी स्पष्ट की शंकेला जागाच नव्हती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. फादर क्षणभर थबकले, मग मोठ्याने हसले आणि म्हणाले, "चला, वाचा शिल्लक आहे म्हणायची!"

इतरांना मात्र तसे हसता येत नसे. भेटायला येणारी माणसे ह्यांच्या कानाशी ओरडून बोलत, जणू हे बहिरे झाले होते. काहींनी डोक्यावर परिणाम झाला असे ठरवून टाकले. हयातीच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात ह्यांना नेले, तेव्हा खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी विचारले, "आजोबा, नाव सांगा." हे गप्प. त्यांनी तेच आणखी मोठ्याने विचारले, आणि मग माझ्याकडे वळून, हे तेथे नाहीतच अशा सुरात म्हणाले, "ह्यांना काही कळतं का हो?" ह्यांना कळत होते. परतीच्या वाटेवर ह्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

पण दुसऱ्यांना नावे ठेवण्याचा मला काय अधिकार? मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षे शिक्षिका होते. नवऱ्याला बोलता येत नाही म्हटल्यावर मी ह्यांच्यासाठी पहिलीचे पुस्तक आणले. रोज सकाळी समोर बसवून 'कमळ' म्हणायला लावी. हे काहीतरी भलतेच म्हणत. "असं नाही, माझ्या ओठांकडे बघा," मी पुन्हा सांगे. शेवटी ह्यांनी तोंड मिटून घेतले ते मिटूनच. मी त्याला हट्ट समजले, आणि एकदा रागावलेसुद्धा.

मार्चमध्ये ह्यांना तपासणीसाठी बारामतीला नेत होते. एस.टी.त शेजारच्या बाकावर निमगाव केतकीची एक तरुण बाई लहान मुलाला घेऊन बसली होती. मुलाच्या कानामागे यंत्र आणि केसांत चिकटलेली एक गोल चकती. जन्मापासून ऐकू येत नसल्याने त्याच्यावर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली होती. ती बराच वेळ आमच्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "काकू, काकांचं बोलनं गेलंय का?" मी मान हलवली. "मग बाईंकडं का न्हाई नेत? माझ्या पोराला नेती मी दर गुरवारी. आपरेशन झालं की पोरगं बोलाय लागंल असं वाटलं हुतं, पन तसं नसतंय. ऐकायचं कसं तेबी शिकवावं लागतं. तिथं म्हातारी मानसंबी येत्यात की."

वाचा-उपचार करणारी माणसे असतात, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी असे कळले, एका शेतमजूर बाईकडून.

त्या 'बाई' म्हणजे माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाची मुलगी निघाली. आठवड्यातून एक दिवस पुण्याहून बारामतीला येई. खोली लहानशी, टेबल, तीन खुर्च्या, चित्रांच्या पट्ट्यांनी भरलेले दोन डबे आणि एक आरसा. तिने दार लावून घेतले, रस्त्यावरचा गोंगाट बंद केला आणि आधी ह्यांचे कान तपासले. मला नवल वाटले. तक्रार बोलण्याची, आणि तपासणी कानांची? संत मार्कच्या सातव्या अध्यायातील बहिऱ्या-तोतऱ्या माणसाची कथा नंतर कधीतरी वाचताना मी थबकले. प्रभूने त्याला लोकसमुदायातून बाजूला नेले, आधी त्याच्या कानांत बोटे घातली आणि मग जिभेला स्पर्श केला. 'इफ्फाथा' हा शब्द आपल्या सर्वांच्या लक्षात राहतो. हा क्रम इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आला नव्हता.

मग दीड तास ती ह्यांच्याशी बसली. "कंगवा दाखवा." "आधी पेनाला हात लावा, मग किल्लीला." एक-दोन सूचनांपर्यंत ह्यांना कळे, वाक्य लांबले की गोंधळ होई. तेव्हा मलाही कबूल करावे लागले, की ह्यांना 'सगळे' कळते ही माझी समजूत पुरती खरी नव्हती. नंतर तिने एक चित्र पुढे ठेवले. बोस्टनमध्ये तयार होऊन १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतील हे चित्र जगभर वापरतात, असे तिने सांगितले. परदेशी स्वयंपाकघर, मुलगा स्टुलावर चढून बिस्किटे चोरतो आहे, स्टूल कलंडते आहे, आई भांडी पुसण्यात दंग आणि बेसिन भरून पाणी खाली वाहते आहे. ह्यांनी ते परके घर निर्विकारपणे पाहिले. तेव्हा तिने आपले स्वतःचे चित्र काढले. चुलीवर दूध उतू जाते आहे, आजीला डुलकी लागली आहे आणि कुत्रे भाकरीच्या टोपलीत तोंड घालते आहे. हे पुढे वाकले, कुत्र्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, "हाड!"

चार महिन्यांत ह्यांच्या तोंडून योग्य जागी आलेला तो पहिला शब्द. मला रडू कोसळले. तिने शांतपणे वहीत नोंद केली.

मी तिला पाटीची हकीकत सांगितली. जखऱ्या कोण हे तिला ठाऊक नव्हते, म्हणून तीही गोष्ट सांगितली. तिने लक्षपूर्वक ऐकली आणि म्हणाली, "तुमच्या जखऱ्याचा आवाज गेला होता, भाषा नव्हती गेली. म्हणून त्याला लिहिता आलं. काकांचं उलट आहे. आवाज आहे, जीभ हलते; पण कोठारातून शब्द काढून आणायची वाट मोडली आहे. आणि तोंडाचं एक कोठार, हाताचं दुसरं, असं नसतं हो. जो शब्द तोंडाला सापडत नाही तो हाताला कुठून सापडणार?"

याला वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश माणसांच्या वाट्याला तो कमी-अधिक प्रमाणात येतो. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला वसते आणि तीच बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. म्हणून उजवा हात आणि बोलणे पुष्कळदा एकदमच जाते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने लबॉर्न नावाच्या एका रुग्णाच्या मेंदूची मृत्यूनंतर तपासणी केली आणि डाव्या बाजूची ती जागा दाखवून दिली. लबॉर्न वीसहून अधिक वर्षे रुग्णालयात होता आणि त्याला 'टॅन' एवढेच उच्चारता येई. म्हणून सारे त्याला टॅन म्हणूनच ओळखत. हे ऐकल्यावर मला तो माणूस आपल्यातलाच वाटू लागला. पुष्कळ दिवस मी त्याच्यासाठीही प्रार्थना करत असे.

निघताना ती म्हणाली, "बाई, एक विनंती आहे. आजपासून तुम्ही शिकवणं थांबवा." मी चपापले. "काका पहिलीतले विद्यार्थी नाहीत. शब्द त्यांना येत नाहीत असं नाही, सापडत नाहीत. त्यांनी 'चावी' म्हटलं आणि तुम्हाला पाणी हवं हे कळलं, तर 'पाणी ना?' म्हणून पाणी द्या. चूक सुधारून तेच पुन्हा म्हणायला लावू नका. आणि ते बोलायला लागले की मनातल्या मनात दहा आकडे मोजा. तोवर मधे पडायचं नाही."

वाचकहो, एकतीस वर्षे वर्गात उत्तराची वाट न पाहता पुढच्या मुलाकडे बोट करणाऱ्या बाईला दहा आकडे मोजणे किती जड जाते, ते मी सांगू शकत नाही. पहिले काही आठवडे मी चाराच्या पुढे जात नसे. शब्द माझ्याच जिभेवर येऊन बसलेला असे. तो गिळणे हा माझा गृहपाठ होता, आणि तिच्या वहीत त्याच्याही नोंदी होत.

दुसरी युक्ती अर्ध्या वाक्याची. आपण अर्धे म्हणायचे आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचा. मला हसू आले. रोझरीत आपण दुसरे काय करतो? एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, उरलेली सर्वांनी पुरी करायची. एप्रिल महिन्यात तिने ह्यांना विचारले, "कारखान्यात बैलगाडीतून काय यायचं?" उत्तर नाही. मग ती म्हणाली, "गाडीत भरलाय…" आणि हे म्हणाले, "ऊस."

त्यानंतर एक गंमत झाली. घरातले शब्द यायच्या आधी कारखान्यातले शब्द येऊ लागले. मोळी, वाढे, काटा, टोळी, मुकादम. तिच्या डब्यातील चित्रांत फुलपाखरू होते, विमान होते, आगबोटही होती. ज्या माणसाने जन्मात 'आगबोट' हा शब्द चारदा उच्चारला नसेल, त्याच्याकडून तो कशाला काढून घ्यायचा? तिला ते लगेच पटले. तिने माझ्याकडून शब्दांची यादी मागवली. गव्हाण, चिटबॉय, मळी, चिपाड. कधी हंगामात फडावर थांबवून आपल्या फोनवर छायाचित्रे काढून आणली आणि त्यांच्या पट्ट्या केल्या. वजनकाटा पाहून ह्यांचा चेहरा जो उजळला, तो मी लग्नातही पाहिला नव्हता.

आकड्यांनी मात्र फार छळले. मराठीतले एकोणसाठ, त्रेसष्ट, अठ्ठ्याण्णव म्हणजे प्रत्येक आकडा स्वतंत्र पाठ करावा लागणारा. हे पाढे घडाघडा म्हणत, पण पाच रुपयांच्या नाण्याला 'पाच' म्हणता येत नसे. गिळण्याचा त्रासही तिनेच ओळखला. पातळ पाण्याने ठसका लागतो, दाट पेज सहज उतरते, हे मला कोणी सांगितले नव्हते. वाचा-उपचार करणारेच गिळण्याचेही उपचार करतात हेही नाही.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना मी थोडी अडखळते. झटक्यानंतर तिसऱ्या आठवड्यातच, संध्याकाळी आम्ही जपमाळ म्हणत असताना, ह्यांनी 'नमो मरिया' पहिल्यापासून शेवटपर्यंत आमच्याबरोबर म्हटली होती. एकही शब्द न चुकता. ज्यांना पाणी मागता येत नव्हते, त्यांनी! आम्ही सर्वांनी तो चमत्कार मानला. मी तर पुण्याला मुलीला फोन करून सांगितले, की आता चार दिवसांत वडील बोलू लागतील. चार दिवस गेले, चार महिने गेले.

उपचार सुरू झाल्यावर मी हे तिला मोठ्या अपूर्वाईने सांगितले. ती म्हणाली, "हो, असं होतं." पाठ झालेल्या प्रार्थना, मोजणी, पाढे, गाणी, आणि शिव्यासुद्धा, पुष्कळ रुग्णांत शाबूत राहतात, मेंदूत त्यांची वाट नेहमीच्या बोलण्याहून काहीशी वेगळी असते. "पण बाई, ते पाठांतर आहे. प्रार्थना म्हणतात म्हणजे बोलतात, असं समजू नका."

मला तिचा राग आला. शिवी आणि नमो मरिया एकाच माळेत! पुढल्या गुरुवारी जाऊ नये असेही मनात आले. गेले, ते निमगावच्या बाईने फोन केला म्हणून. त्या दिवशी बाकावर अंथुर्ण्याचे एक वृद्ध वारकरी बसले होते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, अंथुर्णे, निमगाव केतकी असे करत इंदापूरला जाते. त्या वाटेवरचे हे गृहस्थ. त्यांचीही वाचा ह्यांच्यासारखीच. बोलता काही येत नव्हते, पण आतून टाळीचा आणि अभंगाचा आवाज येत होता, सुरात, शब्दन् शब्द स्पष्ट. बाहेर त्यांची सून पदराने डोळे पुसत म्हणाली, "समदी माउलीची कृपा." मी जे म्हणत होते तेच ती म्हणत होती.

मी त्यावर बराच विचार केला. चमत्कार माझ्या एकटीच्या घरी घडला नाही म्हणून तो लहान झाला का? मला तसे वाटेनासे झाले. देवाने मनुष्याच्या मेंदूतच अशी एक मागची खोली ठेवली असेल, जिथे आईने शिकवलेले सहजी पुसले जात नाही, तर ती सर्वांच्याच घरात ठेवलेली असणार. मात्र त्या खोलीतून पुढच्या दारापर्यंतचा रस्ता माणसाला खपून करावा लागतो, आणि ती मुलगी तेच काम करत होती. ज्यांचा सूर शाबूत आहे अशांसाठी १९७३च्या सुमारास बोस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली. डाव्या हाताने ठेका धरायचा आणि रोजचे वाक्य चालीत म्हणायचे, मग हळूहळू चाल काढून घ्यायची. वारकरीबाबा तिच्याबरोबर मांडीवर हात आपटून 'पाणी द्या' गात. ह्यांच्यासाठी तिने माझ्याकडून आपल्या गायनांच्या चाली मागितल्या. मी रविवारी त्या फोनमध्ये भरून घेतल्या. तिने त्यांतली एक निवडली आणि तिच्यावर शब्द बसवले, 'चहा दे'. पवित्र चालीवर चहा मागणारे हे पहिलेच असतील.

त्या बाकावर बसून मी पुष्कळ पाहिले. उपचाराचे काम म्हणजे जिभेचे व्यायाम, अशी माझी कल्पना होती. तेथे टाळू दुभंगलेली बाळे येत. शस्त्रक्रियेनंतरही श्वास नाकातून निसटतो, तो ओठांशी अडवायला त्यांना कापसाचा बोळा फुंकणीने उडवायला लावत आणि मग शब्दांकडे वळत. निमगावच्या मुलासमोर आई तोंडाआड कापड धरून 'आ, ई, ऊ, श, स, म' म्हणे आणि प्रत्येक आवाजाला तो डब्यात एक ठोकळा टाकी. डॅनियल लिंग या तज्ज्ञांनी सुचवलेले हे सहा ध्वनी. हे सहा ऐकू आले तर बोलण्यातले बहुतेक ऐकू येणार. एके दिवशी 'स'ला ठोकळा पडला. आईने पुन्हा म्हटले, पुन्हा पडला. दोन वर्षांच्या कष्टांचे ते फळ बाहेरच्या कोणाला दिसलेही नसते.

ओठांवरचे वर्ण, प, फ, ब, भ, म, मुलांना आधी येतात. ते डोळ्यांना दिसतात म्हणून. याच बारामतीत मोरोपंतांनी हे वर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. म्हणजे खुद्द 'राम' म्हणण्याचीही चोरी! मी हे तिला सांगितल्यावर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "माझ्या मुलांना पंतांकडे पाठवायला नको." २०२०च्या मार्चनंतर सर्वांच्या तोंडावर मुसके आले आणि तिचे म्हणणे खरे ठरले. ओठ झाकले गेले. कित्येक मुले गोंधळली, हेही गोंधळले. टाळेबंदीत ती फोनच्या पडद्यावरून शिकवी. घरात एकटी असल्याने तिचे ओठ तरी उघडे असत.

ही विद्या आपल्याकडे तशी अलीकडची. मुंबईत नायर रुग्णालयाच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात १९६०नंतरच्या दशकात तिचे शिक्षण सुरू झाले, १९६५ साली म्हैसूरला अखिल भारतीय संस्था निघाली, १९८३ साली वांद्र्याला अली यावर जंग संस्था. पण तिच्या आधीची एक पायरी आपल्या घरची आहे आणि ती आपल्यालाच ठाऊक नसते. भारतातील कर्णबधिरांची पहिली शाळा १८८५च्या सुमारास मुंबईत माझगावला निघाली, ती बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. हे मला कोणा धर्मगुरूंनी नव्हे, तर त्या मुलीने सांगितले. तिच्या अभ्यासक्रमात ते होते.

बाकावर एक तोतरा तरुण येई, वीस-बावीस वर्षांचा. त्याला पाहिले की मी नजर चुकवी. मी चौथीचा वर्ग शिकवत असताना माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. हुशार, पण पहिल्याच अक्षरावर अडे. मी त्याला सांगे, "सावकाश बोल, घाबरू नकोस, पहिल्यापासून सांग." मुले हसत. त्यांना मी गप्प करी आणि मग त्याचे वाक्य स्वतः पुरे करी. त्यात मला दया वाटे. वक्तृत्व स्पर्धेसाठी त्याने हात वर केला तेव्हा त्याची फजिती होऊ नये म्हणून मी दुसऱ्याचे नाव लिहिले. त्या मुलीला मी हे सांगितले. तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, की 'सावकाश बोल' हे त्या मुलाने जन्मात हजारदा ऐकलेले असते, आणि त्याने उपयोग झाला असता तर पहिल्यांदाच झाला असता. अशा मुलाला हवा असतो तो आपल्या बोलण्याकडे, अडखळण्याकडे नव्हे, लक्ष देणारा आणि घाई न करणारा श्रोता. तो मुलगा आता पन्नाशीला आला असेल. चौथीनंतर त्याने शाळा सोडली. माझ्यामुळे असे मी म्हणत नाही. माझ्यामुळे नाही असेही मला म्हणता येत नाही. मी हे पापनिवेदनात सांगितले आहे. येथे सांगण्याचे कारण एवढेच, की आपल्या शाळांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत अशी मुले आजही बसलेली आहेत.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेचे अपंगत्व समाविष्ट आहे आणि त्यात वाचाघाताचाही नावानिशी उल्लेख आहे. ते प्रमाणपत्र आम्ही काढले. आता कोणी खिडकीतून नाव विचारले की हे खिशातून एक पत्ता काढून पुढे ठेवतात. त्यावर त्या मुलीने लिहून दिले आहे, की मला समजते, बोलायला वेळ लागतो, कृपया थांबावे. बहुतेक माणसे थांबतात. जी थांबत नाहीत, त्यांच्याकडे हे पत्ता आणखी पुढे सरकवतात.

ह्यांची प्रगती किती झाली, असे लोक विचारतात. शंभर-सव्वाशे शब्द, काही छोटी वाक्ये, आणि हातवारे. पूर्वीसारखे बोलणे येणार नाही, हे तिने पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितले होते, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच माझा तिच्यावर विश्वास बसला. रविवारच्या मिस्साबलिदानात हे सर्वांबरोबर अस्खलित प्रार्थना म्हणतात. नव्याने आलेल्यांना वाटते, काका बरे झाले. मग बाहेर कोणी विचारतो, "काका, कुठले तुम्ही?" आणि हे थांबतात. मी बाजूला उभी राहून मोजत असते. भवानीनगर हा शब्द मोठा आहे. त्याला कधी दहा पुरत नाहीत. मागच्या महिन्यात एकवीस लागले.

पाटी अजून आमच्याकडेच आहे. नातू आला की तिच्यावर चित्रे काढतो आणि आजोबा नावे सांगतात. चुकली की दोघेही हसतात. गुरुवारची खेप चालूच आहे, आता महिन्यातून दोनदा. २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले, तेवढाच आधार. वाहकाकडे पैसे देण्याचे काम ह्यांचे. त्या दिवशी ह्यांनी नोटा पुढे केल्या, माझ्याकडे बोट दाखवले आणि ठासून म्हणाले, "आक्का, अर्धं."